मुंबईच्या पावसात व्हिनाईल साइडिंग: भिंतीच्या तपासणीपासून देखभालीपर्यंत

पावसाळा सरला की मुंबईतील बहुतेक इमारतींच्या नैऋत्येकडील भिंतींवर त्याच्या खुणा राहतात. रंगाला पोपडे सुटलेले असतात, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरलेले असतात आणि आतल्या बाजूला कपाटामागे बुरशीचा वास येत असतो. काही वर्षांनी पुन्हा परांची बांधायची, पुन्हा तोच खर्च करायचा, याला कंटाळलेले घरमालक व्हिनाईल साइडिंगची चौकशी करतात. बंगला, रो-हाउस, गावठाणातील दुमजली घर, गच्चीवरची खोली किंवा अलिबाग-कर्जतचे दुसरे घर अशा बांधकामांसाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. मात्र ते कोणत्या भिंतीवर, कोणत्या सांगाड्यावर आणि किती मोकळीक ठेवून लावले यावरच त्याचे आयुष्य ठरते, आणि जिच्यावर ते लावूच नये अशा भिंती मुंबईत पुष्कळ आहेत.

व्हिनाईल साइडिंग म्हणजे कडक पीव्हीसीच्या, सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींत अडकणाऱ्या लांब पट्ट्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी त्यांचा वापर सुरू झाला. तेथे पट्ट्यांच्या मागे लाकडी फलक आणि त्यांवर पाणी अडवणारा पडदा असतो. पट्ट्यांच्या जोडांतून थोडे पाणी आत शिरणारच, हे गृहीत धरून ही सारी रचना केलेली आहे. म्हणूनच प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. विक्रेता ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे सांगू लागला, तर ही छिद्रे त्याला दाखवावीत. व्हिनाईल पावसाचा मारा आणि ऊन अंगावर घेते, पण पाणी रोखण्याचे शेवटचे काम मागच्या भिंतीनेच करायचे असते. गळक्या भिंतीवर साइडिंग चढवणे म्हणजे ओल्या कपड्यांवर रेनकोट घालणे होय.

आधी इमारत पाहावी

सर्वांत पहिला प्रश्न उंचीचा आणि आगीचा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत बहुमजली मानली जाते आणि तिच्या अग्निसुरक्षेचे नियम अधिक कडक आहेत. माझ्या मते व्हिनाईल साइडिंगचा विचार तळमजला अधिक दोन मजल्यांपर्यंतच करावा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा क्लोरिनचा असतो, त्यामुळे ते सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्वाला दूर झाली की बहुधा विझते, ही गोष्ट खरी आहे. परंतु शेजारी मोठी आग असेल तर ते मऊ होऊन लोंबते, जळते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घुसमटवणारा धूर निघतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये ७२ माणसे गेली. तेथील आवरण व्हिनाईलचे नव्हते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेले होते. तरीही उंच इमारतीला जळू शकणारे आवरण घातले आणि त्यामागे पोकळी राहिली की आग किती वेगाने वर चढते, हे त्या रात्री साऱ्या जगाने पाहिले. टॉवरच्या दर्शनी भागासाठी कोणी व्हिनाईल सुचवले, तर ते ठामपणे नाकारावे.

कमी उंचीच्या घरातही आजूबाजूला पाहावे लागते. कोळीवाड्यात आणि गावठाणात दोन घरांमध्ये हातभर बोळ असतो आणि त्या बोळात एखाद्याची चूल, हॉटेलच्या भट्टीचे धुराडे किंवा वीजमीटरांची पेटी असते. अशा भिंतीवर व्हिनाईल लावू नये. दिवाळीत रॉकेट येऊन पडण्याजोग्या गच्चीवरील खोलीबाबतही हाच विचार करावा. समोर काचेची मोठी इमारत असेल तर आणखी एक धोका संभवतो. अशा काचांवरून परावर्तित झालेले ऊन एका पट्ट्यात एकवटते आणि तेवढ्याच भागातील व्हिनाईल वितळल्यासारखे वाकडेतिकडे होते. कडक पीव्हीसी सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते, आणि एकवटलेले ऊन तितके तापमान सहज गाठू शकते. लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागांच्या शेजारी घर असेल, तर निरनिराळ्या वेळी भिंतीवर चकाकते ऊन कोठे पडते हे आधी पाहून ठेवावे.

जुन्या चुनाबांधणीच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. खोताची वाडी, माथारपाखाडी यांसारख्या वारसा परिसरांत बाह्य रूप बदलण्यावर निर्बंध आहेतच, पण नियम नसते तरी तेथे व्हिनाईल लावणे चूक ठरले असते. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि उन्हात ती सोडून देतो. त्याला झाकून टाकले की आतील लाकडी तुळया आणि खांब कुजू लागतात.

भिंतीची तपासणी

या टप्प्यावर लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि पुढचे बहुतेक नुकसान येथूनच सुरू होते.

ओल कोठून येते हे आधी ठरवावे. त्यासाठी ऋतूचा चांगला उपयोग होतो. जो डाग जूनमध्ये उमटतो आणि नोव्हेंबरपर्यंत सुकतो, तो पावसाचा. जो डाग एप्रिल-मेमध्येही ओला राहतो, तो पावसाचा असू शकत नाही. तेथे न्हाणीघराची गळती, फुटलेला नळ किंवा डक्टमधील सांडपाण्याचा पाईप यांचा शोध घ्यावा. वरच्या मजल्यावरील छताखाली आडवा पसरणारा डाग बहुधा गच्चीच्या कोब्यातून उतरलेला असतो. साइडिंगने यांपैकी फक्त पहिल्या प्रकारच्या ओलीचा त्रास कमी होतो. उरलेल्या दोन प्रकारांत ते गळती दृष्टीआड करते, आणि दृष्टीआड गेलेली गळती बीमच्या सळयांपर्यंत पोहोचते.

त्यानंतर गिलावा ठोकून पाहावा. मिस्त्री लहान हातोडीने सगळी भिंत ठोकत जातो आणि जेथे पोकळ आवाज येतो तेथे खडूने रेघ ओढतो. ही साधी पद्धत अत्यंत विश्वासार्ह आहे. पोकळ झालेला सगळा गिलावा काढावा लागतो, कारण साइडिंगचा सांगाडा ज्या खुंट्यांवर उभा राहणार त्या पोकळ गिलाव्यात धरत नाहीत. बीम आणि विटांची किंवा सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत जेथे भेटतात त्या रेषेवर बहुतेक वेळा आडवी भेग असते; ती खाचून, पॉलिमर मॉर्टरने भरून, वर जाळी बसवून मगच नवा गिलावा करावा. भेगांत पिंपळ उगवला असेल तर तो नुसता छाटू नये. मुळे खणून काढून ती मारण्याचे औषध आत सोडल्याखेरीज तो पुन्हा फुटतो, आणि पुढे व्हिनाईलच्या मागे अंधारात वाढत राहिला तर पट्ट्या उचकटून बाहेर येतो.

खांब आणि बीम यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे. मुंबईच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरते, सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि तिच्यावरील काँक्रीट फोडून बाहेर काढते. खांबाच्या उभ्या कडेवर सरळ भेग दिसत असेल किंवा तपकिरी डाग असेल, तर तेथे आवरण घालू नये. आधी दुरुस्ती करावी. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तपासणी बाकी असेल तर ती साइडिंगच्या आधीच करून घ्यावी, कारण नंतर अभियंत्याला भिंत दिसणारच नाही. दुरुस्तीनंतरही खांब शक्यतो उघडे ठेवून केवळ मधल्या भिंतींवर व्हिनाईल लावण्याची रचना मला अधिक शहाणपणाची वाटते. दिसायला ती थोडी कमी एकसंध असते, पण भेग पडली तर ती वेळेवर डोळ्यांना दिसते.

आपल्याकडे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाईप इमारतीच्या बाहेरून जातात. ते साइडिंगमागे कधीही झाकू नयेत. जेथे पाईपांची ओळ आहे तेवढा उभा पट्टा मोकळा सोडावा आणि दोन्ही बाजूंना साइडिंगचे टोक सामावणाऱ्या खाचेच्या पट्ट्या (जे-चॅनेल) लावून साइडिंग तेथे संपवावे.

माल निवडताना

बाजारात ‘पीव्हीसी पॅनेल’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळा माल मिळतो. घराच्या आतील भिंतींना आणि छताला लावायची पोकळ, चकचकीत पॅनेले स्वस्त असतात, आणि तीच बाहेरच्या भिंतीसाठीही चालतील असे सांगून विकली जातात. ती चालत नाहीत. उन्हातील अतिनील किरणांनी ती पिवळी पडतात, ठिसूळ होतात आणि हाताच्या दाबाने मोडतात. बाहेरच्या वापरासाठीच्या व्हिनाईलमध्ये अतिनील किरणे अडवणारे टायटॅनियम डायऑक्साइड पुरेशा प्रमाणात असावे लागते, आणि गडद रंगांच्या चांगल्या पट्ट्यांवर एएसए किंवा तत्सम ॲक्रिलिक प्लास्टिकचा वरचा थर दिलेला असतो. विक्रेत्याकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात. माल एएसटीएम डी ३६७९ या व्हिनाईल साइडिंगच्या अमेरिकी मानकानुसार तयार केलेला आहे का, आणि वाऱ्याच्या दाबाच्या चाचणीचा अहवाल कोठे आहे. या मानकानुसार पट्टीची जाडी किमान सुमारे ०.९ मिलिमीटर असावी लागते. मुंबईसाठी मी १.१ ते १.२ मिलिमीटरच्या खाली जाणार नाही. पातळ पट्टी उन्हात लाटांसारखी दिसू लागते आणि वाऱ्यात खडखडते.

जाडी माहितीपत्रकावरून न घेता कापलेल्या तुकड्यावर व्हर्नियरने मोजावी. पट्टीच्या वरच्या कडेची, म्हणजे जिच्यात स्क्रूंसाठी लांबट खाचा असतात त्या पट्ट्याची बारकाईने पाहणी करावी. ही कड दुमडून दुहेरी केलेली असेल तर वाऱ्यात ती फाटण्याची शक्यता बरीच कमी होते. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून हाताने ओढून पाहाव्यात. त्या सहज सुटत असतील, तर जुलैच्या वाऱ्यातही सुटतील.

रंगाच्या बाबतीत मुंबईत फिकटच घ्यावा: पांढरा, हस्तिदंती, फिकट राखाडी, वाळूचा रंग. मार्चमध्ये कधी कधी पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि अशा दिवशी पश्चिमेच्या भिंतीवरील गडद पट्टीचे तापमान तिच्या मऊ पडण्याच्या मर्यादेजवळ येऊ शकते. फिकट रंग विटला तरी नजरेत भरत नाही. गडद तपकिरी किंवा निळा रंग हवाच असेल, तर तो गडद रंगासाठीच्या थरासह बनवलेला असल्याची लेखी हमी घ्यावी आणि उत्तरेकडील भिंतीपुरताच वापरावा.

पाठीला फोम चिकटवलेले साइडिंगही मिळते. थंड प्रदेशांत घरातील ऊब राखण्यासाठी त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे मात्र तो फोम भिंतीला टेकून पाणी सुकण्याची वाट अडवतो आणि आगीला इंधन पुरवतो, म्हणून त्यावर पैसे घालवू नयेत. उष्णता कमी करायची असेल तर पट्ट्यांमागे हवा खेळती ठेवणे हा उपाय स्वस्तही आहे आणि सुरक्षितही.

वाऱ्याचा हिशेब

भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. त्याच मानकाच्या सूत्रानुसार वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ चा वर्ग १९३६, आणि गुणाकार सुमारे ११६० न्यूटन. म्हणजे एका चौरस मीटरवर जवळजवळ ११८ किलो. इमारतीची उंची, आजूबाजूचा मोकळेपणा आणि समुद्राचे अंतर यांनुसार अभियंता यात फेरफार करतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की साइडिंग उडते ते बहुधा वाऱ्याने आत ढकलल्यामुळे उडत नाही. वारा इमारतीच्या कडेवरून वळताना जी ओढ निर्माण होते तिने ते बाहेर खेचले जाते, आणि ही ओढ कोपऱ्यांजवळ आणि छताच्या कडेखाली सर्वाधिक असते. त्यामुळे कोपऱ्यापासून पहिल्या मीटर-दीड मीटरमध्ये स्क्रूंचे अंतर कमी करावे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईपासून दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले, तरीही कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान होते. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनकडे घर असणाऱ्यांनी कंपनीच्या चाचणी अहवालातील दाबाचा आकडा आणि आपल्या अभियंत्याने काढलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

मागचा सांगाडा आणि जलरोधन

गिलाव्याची दुरुस्ती पूर्ण झाल्यावर त्यावर जलरोधक थर द्यावा. तो पाणी अडवणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा असावा, कारण भिंतीत मुरलेली ओल कोठून तरी बाहेर पडली पाहिजे. चांगल्या प्रतीच्या सिमेंट-पॉलिमर लेपनाचे दोन थर दिले तर पुरते. लेप सुकल्यावर त्यावर उभ्या पट्ट्यांचा सांगाडा उभारावा. आडव्या साइडिंगसाठी सांगाडा उभाच हवा, म्हणजे मागे आलेले पाणी अडथळ्याविना खाली उतरते. पट्ट्यांमधील अंतर ४०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि भिंत व व्हिनाईल यांच्यामध्ये २० ते २५ मिलिमीटरची पोकळी राहावी.

सांगाड्यासाठी मला ॲल्युमिनियमचे चौकोनी पाईप सर्वांत योग्य वाटतात. जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, पाईप स्वस्त पडतात, परंतु कापलेल्या टोकांना आणि भोकांना जस्ताचा थर राहत नाही आणि समुद्राजवळ गंज तेथूनच सुरू होतो. लाकडी पट्ट्या वापरायच्या असतील तर वाळवीविरोधी आणि बुरशीविरोधी प्रक्रिया केलेल्याच वापराव्यात. ॲल्युमिनियम आणि ओला सिमेंट गिलावा यांचा थेट संपर्क टाळण्यासाठी मध्ये रबरी किंवा नायलॉनच्या चकत्या घालाव्यात.

खुंट्या गिलाव्याच्या आत विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ५० मिलिमीटर गेल्या पाहिजेत. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांना नेहमीचे प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत. त्यांच्यासाठी बनवलेले वेगळे अँकर मागावेत. प्रत्येक भोक सीलंट भरून बुजवावे, नाहीतर आपण नुकतेच जलरोधक केलेल्या भिंतीत शेकडो नव्या वाटा पाडलेल्या असतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच असावेत, आणि समुद्रकिनाऱ्याजवळ ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या ३१६ प्रतीचे. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी. सगळ्या कामाच्या खर्चात स्क्रूंचा वाटा फार थोडा असतो. तेथे केलेली काटकसर काही वर्षांनी गंजाच्या ओघळांच्या रूपाने सगळ्या दर्शनी भागावर दिसते.

पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी बसवणे मुंबईत अनिवार्य समजावे. जाळी नसेल तर उंदीर, झुरळे आणि कबुतरे त्या जागेचा ताबा घेतात आणि पुढे कोणत्याही फवारणीने ती मोकळी होत नाही. सर्वांत खालची पट्टी जमिनीपासून निदान ३०० मिलिमीटर वर सुरू करावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. जेथे दरवर्षी पाणी तुंबते तेथे साइडिंगची सुरुवात तुंबणाऱ्या पाण्याच्या खुणेच्या वरूनच करावी.

खिडक्यांभोवतीचे काम घाईने होऊ देऊ नये. पाणी अडवणारी पट्टी आधी खिडकीच्या खाली, मग दोन्ही बाजूंना आणि शेवटी वर अशा क्रमाने चिकटवावी, म्हणजे वरची पट्टी नेहमी खालच्या पट्टीवर येते आणि पाणी बाहेरच्या बाहेर घसरते. छज्जा असेल तर त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का ते पाहावे. नसेल तर गवंड्याकडून ती आत्ताच करून घ्यावी.

बसवण्याची पद्धत

काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करावे. मेच्या अखेरीस घाईने सुरू केलेले काम पहिल्या पावसात अर्धवट सापडते आणि ओल्या गिलाव्यावर लेप बसत नाही. आणलेल्या पट्ट्या सपाट जमिनीवर, सावलीत आणि हवेशीर ठेवाव्यात. गच्चीवर प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला ढीग उन्हात तापून वाकतो आणि तो वाक पुन्हा निघत नाही.

आता मोकळिकीबद्दल, कारण व्हिनाईलच्या बहुतेक तक्रारी येथेच जन्मतात. पीव्हीसी उष्णतेने पुष्कळ फुगते. बारा फुटांची, म्हणजे सुमारे ३.६६ मीटरची पट्टी २० अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापली तर तिची लांबी जवळजवळ ११ मिलिमीटरने वाढते. मागची विटांची भिंत त्याच फरकाने फुगली तरी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच वाढते. ही वाढ कोठे तरी सामावली पाहिजे. म्हणून प्रत्येक टोकाला खाचेत सुमारे ६ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. लोणावळ्यासारख्या ठिकाणी थंडीच्या सकाळी काम करत असाल तर ती थोडी वाढवावी, कारण त्या वेळी पट्टी आकसलेली असते आणि पुढे तिला अधिक वाढायचे असते.

स्क्रू लांबट खाचेच्या बरोबर मध्यभागी, भिंतीला काटकोनात बसवावा आणि पूर्ण आवळू नये. स्क्रूचे डोके आणि पट्टी यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ही सूचना आपल्या कारागिरांना पटवून द्यावी लागते, कारण पत्रे किंवा प्लायवुड बसवताना घट्ट आवळणे हेच चांगले काम समजले जाते. बसवलेली प्रत्येक पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून पाहावी. ती सरकत नसेल तर स्क्रू सैल करायला लावावा. पहिल्या दिवशी घरमालकाने स्वतः उभे राहून दोन-तीन रांगा अशा तपासून घेतल्या तर पुढचे काम आपोआप सुधारते.

पट्ट्यांची टोके एकमेकींवर सुमारे २५ मिलिमीटर चढवावीत आणि जोडाचे उघडे तोंड नैऋत्येच्या वाऱ्याकडे येणार नाही अशी दिशा ठेवावी. लागोपाठच्या रांगांतील जोड एकाखाली एक येऊ देऊ नयेत. या जोडांत किंवा निथळण्याच्या छिद्रांत सिलिकॉन भरू नये. कारागीर चांगल्या हेतूने ते करतात, पण त्याने पट्टी जखडते आणि आलेले पाणी आतच कोंडते.

पट्टीच्या चेहऱ्यातून स्क्रू ठोकणे हे व्हिनाईलच्या बाबतीत सर्वांत मोठे पाप आहे. त्यामुळे वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागाचे ब्रॅकेट, डिश अँटेना, कुंड्यांच्या जाळ्या, इंटरनेटच्या केबली आणि कपडे वाळत घालण्याच्या दांड्या कोठे येणार याची यादी घरातील सर्वांना विचारून आधीच करावी, त्यांचे आधार थेट भिंतीत बसवावेत आणि व्हिनाईल त्यांच्याभोवती थोडी मोकळीक ठेवून कापावे. गृहिणींना या यादीत हमखास विचारावे, कारण दांडीची खरी जागा त्यांनाच ठाऊक असते.

मोजमाप, परवानगी आणि करार

मोजमाप करताना भिंतीची लांबी-रुंदी गुणून त्यात दहा टक्के कापाकापीसाठी धरावेत. नऊ मीटर लांब आणि सहा मीटर उंच भिंत ५४ चौरस मीटर होते, तेव्हा सुमारे ६० चौरस मीटर माल मागवावा. खाली सुरुवातीची पट्टी, खिडक्यांभोवतीचे जे-चॅनेल आणि कोपऱ्यांचे उभे तुकडे यांची किंमत वेगळी असते. केवळ पट्टीचा चौरस फुटाचा दर सांगणाऱ्या अंदाजपत्रकांची तुलना करून उपयोग नसतो.

सोसायटीतील घर असेल तर बाहेरची भिंत ही सर्वांची असते, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. स्वतंत्र घर असले तरी विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्यात विचारून, लागणारी परवानगी लेखी घ्यावी. करारात भिंतीच्या दुरुस्तीचे, जलरोधनाचे आणि साइडिंगचे काम वेगवेगळे लिहावे आणि दुरुस्ती अभियंत्याने पाहून मान्य केल्याखेरीज आवरण चढवू नये, अशी अट स्पष्ट घालावी. शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर देण्याचे ठरवता आले तर फार चांगले. ‘आजन्म हमी’ या शब्दांवर न जाता तिच्यात रंग विटणे, वादळ आणि बसवण्यातील दोष यांचा समावेश आहे का ते वाचावे. बहुतेक हमी मालाची असते, मजुरीची नसते, आणि चुकीच्या पद्धतीने बसवल्याचे दिसले की ती रद्द होते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मुंबईतील चार-पाच मजली आरसीसी सोसायट्यांपैकी बहुतेकांसाठी व्हिनाईल साइडिंग हे उत्तर नाही. गिलाव्याची नीट दुरुस्ती, भेगांवर ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टोमेरिक रंगाचे दोन हात आणि पाईपांची बदली यांतून त्यांचा प्रश्न अधिक खात्रीने सुटतो. आवरणच हवे असेल तर फायबर सिमेंटचे फलक जळत नाहीत आणि उन्हाने फारसे फुगत नाहीत. मात्र आठ मिलिमीटरचा फलक चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतो आणि व्हिनाईल दोन-अडीच किलोच्या आसपास, म्हणून सांगाडा भक्कम लागतो.

देखभाल

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मऊ ब्रश, पाणी आणि सौम्य साबणाने भिंत खालून वर घासत जावे आणि वरून खाली धुवावी. अशाने साबणाचे ओघळ राहत नाहीत. उत्तरेकडच्या आणि झाडाखालच्या भागात हिरवे शेवाळ धरते, ते याच वेळी निघते. थिनर, पेट्रोल किंवा खरवडणारी पावडर वापरू नये. जोराच्या पाण्याचा फवारा मारायचा झाल्यास तो नेहमी सरळ किंवा वरून खाली असावा, कारण खालून वर मारलेला फवारा पट्ट्यांच्या मागे शिरतो. मेमध्ये एकदा निथळण्याची छिद्रे आणि खालची जाळी साफ करावी, कोपऱ्यांजवळच्या पट्ट्या हाताने ओढून पाहाव्यात आणि खिडक्यांच्या कडेचे सीलंट सुटले असेल तेथे नवे भरावे.

काम संपताना आठ-दहा पट्ट्या जादा घेऊन आतल्या खोलीत आडव्या ठेवाव्यात आणि खोक्यावरील बॅच क्रमांक बिलाबरोबर जपावा. पट्टी फुटली तर अनझिप टूल नावाच्या छोट्या आकड्याने वरच्या रांगेचा जोड सोडवून तेवढी एक पट्टी बदलता येते. मात्र पाच-सात वर्षांनी नवी पट्टी जुन्या भिंतीवर रंगाने वेगळी दिसते. म्हणून दर्शनी भागात पट्टी फुटल्यास मागच्या बाजूची जुनी पट्टी काढून पुढे लावावी आणि नवी मागे बसवावी.